कॉफीच्या डब्यातला पगार

जास्त बोलण्याने नुकसान होतं हे सगळ्यांना माहीत असतं. ते किती वर्षं होत राहतं, हे मात्र फार थोडे सांगू शकतात. या गोष्टीतला वेटर सांगू शकत होता. एकोणीस वर्षं.

एकोणीस वर्षांपूर्वी तो मुलीचा हात मागायला गेला, तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं होतं, "पगार बेताचाच असणार. बाकी सगळं टिपांवर. टिपांवर संसार होतो का हो?"

शहाण्या माणसाने "कधी होतो, कधी ओढाताण होते" असं खरं सांगून मुकाट्याने चहा प्यायला असता. पण मुलगी समोरच बसली होती, आणि ती समोर असली की याची जीभ सैल सुटायची. तो म्हणाला, "होतो म्हणजे काय! रोज दोन नोटा हातात. गिऱ्हाईक येवो न येवो. आमच्याकडे ठरलेल्याच असतात."

तोंडातून गेलं आणि गळ्यात पडलं. टिपा कधी कुठे ठरलेल्या असतात? लग्नानंतर पहिल्या दिवशी त्याला चार नोटा मिळाल्या, दुसऱ्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने घरी जायचं म्हणजे सासऱ्यांचा चष्मा पुन्हा कपाळावर चढणार. पण आदल्या दिवशीच्या चारांपैकी दोन त्याने हॉटेलातच, कपडे बदलायच्या खोलीतल्या आपल्या कपाटात, आचाऱ्याकडून मागून घेतलेल्या कॉफीच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या होत्या. त्या दोन काढल्या, खिशात घातल्या आणि शीळ घालत घरी गेला.

तेव्हापासून तो स्वतःच स्वतःचा मालक आणि स्वतःच नोकर झाला. चांगल्या दिवशी जास्तीच्या नोटा डब्यात, वाईट दिवशी कमी पडतील तेवढ्या डब्यातून बाहेर. बायकोच्या हातावर रोज संध्याकाळी ठरलेला आकडा. मधूनमधून त्याने स्वतःला पगारवाढही दिली. मुलगी झाली तेव्हा दोनाच्या तीन, ती शाळेत जायला लागली तेव्हा चार आणि ती बाहेरगावी वसतिगृहात राहून शिकायला लागली तेव्हा पाच. प्रत्येक वेळी घरी येऊन "आजपासून वाढ झाली बरं का" असं छाती काढून सांगायचं, आणि मग ती वाढ निभावण्यासाठी पुढचे सहा महिने ऊर फुटेस्तोवर धावायचं. डबा गंजला की आचाऱ्याकडून नवा रिकामा डबा घ्यायचा. असे नऊ डबे झाले.

बायको नोटा हातात घ्यायची, क्षणभर तोंडाजवळ न्यायची, डोळे मिटायची आणि मग ठेवून द्यायची. पैशाचे मनातल्या मनात आभार मानते, असं त्याला वाटायचं. भाबडी आहे बिचारी, असंही वाटायचं. भाबडं त्या घरात कोण होतं, ते पुढे येईलच.

बायकोबद्दल त्याची एकच तक्रार होती. तिला बटाट्यांचा भारी सोस. आठवड्यातून दोनतीन दिवस तरी ताटात नुसते बटाटे. आणि गेले चार महिने तर रोजच.

हॉटेलात त्याला त्याच्या नावाने कोणी हाक मारत नसे. तिथे तो 'वेधशाळा' होता. गिऱ्हाईक दारातून आत येऊन खुर्ची ओढेपर्यंत ते जाताना काय ठेवणार, हे तो सांगून मोकळा व्हायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीत ऑर्डर देताना तो आचाऱ्याला हळूच म्हणायचा, "तीन नंबर, तुरळक सरी." म्हणजे एखादी नोट. "आठ नंबर, मुसळधार." म्हणजे तीन किंवा जास्त. "पाच नंबर, कोरडं." आणि तसंच व्हायचं. खऱ्या वेधशाळेलाही लाज वाटावी, इतकं तसंच.

यात जादू काही नव्हती, एकोणीस वर्षांची नजर होती. पहिल्यांदाच मुलीला जेवायला घेऊन आलेला पोरगा हात सैल सोडतो, पण ती बघत असेल तरच. खुर्ची पुसून बसणारा माणूस बिलही पुसून देतो. "तुमची सर्व्हिस आम्ही कधी विसरणार नाही" असं म्हणणारे आठवण तेवढी ठेवतात, टेबलावर काही ठेवत नाहीत. आणि लहान मुलाचं ताट सगळ्यांच्या आधी आणलं, तर त्या मुलाची आई वेटरला माणूस समजायला लागते.

कामही तसंच. डाव्या हातावर तीन ताटं आणि उजव्या हातात पाण्याचा जग घेऊन तो अठरा टेबलांच्या गर्दीतून असा जायचा की टेबलांनीच बाजूला सरकून वाट दिली असं वाटावं. पाणी मागायच्या आधी पाणी, बिल मागायच्या आधी बिल नाही, आणि मागितल्यावर क्षणाचाही उशीर नाही. हाच माणूस घरी पाण्याचा पेला स्वतः उचलून घेत नसे, हे मात्र इथे नोंदवून ठेवलं पाहिजे. घरी गेला की पाय वर करून बसायचा आणि "अगं" एवढीच ऑर्डर द्यायचा.

सगळं बरं चाललं होतं. आणि मग चार महिन्यांपूर्वी मालकीणबाईंनी गल्ल्याशेजारी काळ्या चौकोनी ठिपक्यांची एक पाटी लावली. लोक फोन काढतात, पाटीसमोर धरतात, टुंग असा आवाज होतो, बिल चुकतं होतं. पाकीट कोणी काढेना. पाकीटच निघेना, तर त्यातली नोट कुठून निघणार? लोक वाईट नव्हते. खिसे चाचपायचे, ओशाळं हसायचे, "रोख काही नाही हो" म्हणायचे आणि जायचे. वेधशाळेचे अंदाज पहिल्यांदाच सलग एकसारखे यायला लागले. कोरडं. कोरडं. कोरडं.

डबा मात्र रोज पगार देत होता. तो कुठवर पुरणार? शंभरावर नोटा होत्या, त्या साठ झाल्या, मग वीस, मग नऊ. एके दिवशी त्याने हात आत घातला, तर नोटांच्या आधी बोटांना पत्र्याचा तळ लागला.

त्याच आठवड्यात बायकोचा धाकटा भाऊ घरी आला. हा मेहुणा फरश्या आणि नळ विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात हिशेब बघायचा. बोलताना मधेच थांबून मनात बेरीज करायची त्याला सवय होती, आणि बेरीज जमली की तो मान हलवायचा.

"भाऊजी, आमच्या गोदामाला माणूस हवाय," तो म्हणाला. "किल्ल्या सांभाळायच्या, आलेला माल बघून घ्यायचा. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा, एक तारखेला पगार. सोमवारी या."

"मला काम आहे की," वेटर म्हणाला.

"काम आहे हो. पण टिपा म्हणजे काय, दुसऱ्याच्या खिशातलं आपलं नशीब. त्यावर किती दिवस काढणार?"

वेटरने आधाराला बायकोकडे पाहिलं. आजवर भावाने असलं काही काढलं की ती त्याला उडवून लावायची. आज ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बघून तरी या. खुर्ची आहे म्हणतोय."

हा घाव वर्मी बसला. खुर्चीत बसून फरश्यांवर नजर ठेवायची? फरशी कधी भुकेली येत नाही, कधी तृप्त होऊन जात नाही, कधी "आज माशाचं काय केलंय?" असं विचारत नाही. त्याला ते काम नको होतं. अजिबात नको होतं. आणि असं कोंडीत सापडलं की तो जे करायचा तेच त्याने केलं. बढाई मारली.

"टिपांवर राजासारखं जगता येतं," तो म्हणाला. "बघायचंय? या शनिवारी जेवायला. दोघंही या."

"ठीक," मेहुणा म्हणाला. "दिवसभरात पाच नोटा मिळालेल्या मला दिसल्या, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही मिळाल्या, तर सोमवारी गोदामाच्या किल्ल्या."

"दिवसभर कशाला?" वेटर म्हणाला. "एका दुपारच्या जेवणात दाखवतो."

एकोणीस वर्षांत माणूस काय शिकतो? ताटं धरायला शिकतो, जीभ धरायला नाही.

शनिवारी साडेबारा वाजता ती दोघं आली. बायकोने ठेवणीतली साडी नेसली होती आणि पर्स पोटाशी घट्ट धरली होती. याने त्यांना खिडकीजवळचं सात नंबरचं टेबल दिलं. मेहुण्याने सगळं हॉटेल दिसेल अशी खुर्ची निवडली, कागदी रुमाल सपाट केला आणि खिशातून पेन काढलं.

आचाऱ्याने खिडकीतून मान बाहेर काढली. "सात नंबरचा काय अंदाज, वेधशाळा?"

"कोरडं," तो म्हणाला. "नातेवाईक कधी टिप देतात का?"

मग तो वही घेऊन सात नंबरपाशी गेला आणि बायकोसमोर उभा राहिला. घरी ती उभी असायची आणि हा बसलेला. आज उलटं झालं होतं, आणि त्यात हा असा गडबडला की तोंडातून निघालं, "काय घेणार... आपण?"

बायकोने वर पाहिलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण तिला 'आपण' म्हणणारं त्या घरात कोणी निघालं नव्हतं. तिच्या ओठांचा कोपरा हलला. "आपण काय सुचवाल?"

"सूप चांगलं आहे. भाजलेला मासा आहे. त्याच्याबरोबर लोण्यातले बटाटे—"

"बटाटे नकोत," ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या टेबलावरच्या बाईने वळून पाहिलं. "बटाटे सोडून काहीही आणा."

वेटरला काही कळेना. बटाट्यांवर जीव टाकणारी बाई, आणि आज ही तऱ्हा. पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो.

त्याने सूप आणलं. मेहुण्याच्या आधी तिच्यापुढे ठेवलं, वाफ तिच्याकडे जाईल असं ठेवलं, ब्रेड डाव्या हाताशी ठेवला आणि एक पाऊल मागे सरला. तिने चमचा तोंडात घातला आणि थांबली.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला. "मीठ?"

"गरम आहे," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण तो तिथेच थबकला. घरी ती आधी सासूला, सासू होती तोवर, वाढायची, मग मुलीला, मग याला, मग कोणाला काय हवं ते बघायची, आणि शेवटी स्वतःच्या ताटाशी बसायची तेव्हा सगळं गार झालेलं असायचं. हे त्याने रोज पाहिलं होतं. अठरा टेबलांवर कोणाचं काय गार होतंय ते ज्याला पाठ फिरवून कळायचं, त्याला आपल्या घरातलं एक ताट कधी दिसलं नव्हतं. त्याला स्वतःचा चांगलाच राग आला. पण तेवढ्यात पाच नंबरने हात वर केला, आणि राग बाजूला ठेवून पळावं लागलं.

गर्दी वाढली. आणि पुढचे दोन तास तो जे काही वावरला ते बघण्यासारखं होतं. पाच नंबरला एक लहान मूल किंचाळून रडत होतं. त्याच्यापुढे याने चमच्यांचं असं काही चक्र फिरवलं की मूल हिचक्या देत हसायला लागलं, आणि मुलाच्या आईचं जेवण पोटात गेलं. बारा नंबरच्या म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, म्हणून यादी त्याला अशी वाचून दाखवली की प्रत्येक पदार्थ आपल्याच घरचा आहे असं त्याला वाटावं. नऊ नंबरला ऑफिसातल्या सहा जणांनी सहा तऱ्हांचं मागवलं, आणि याने काही न लिहिता प्रत्येकाचं ज्याच्या त्याच्या पुढे ठेवलं. या सगळ्यात सात नंबरच्या पेल्यातलं पाणी एकदाही अर्ध्याच्या खाली गेलं नाही.

बायको बघत होती. मासा गरम असतानाच संपवला, कस्टर्ड संपवलं, आणि बघत राहिली. घरी तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस इथे गप्पा काय मारतो, हसतो काय, कोणाच्या चष्म्याची काच पुसून देतो काय! मधे तिच्या कपाळावर आठीही पडली. एवढं गोडपण परक्यांना आणि घरी फक्त "अगं"? पण ती आठी टिकली नाही.

मेहुणा मात्र टेबलावरून काय उचललं जातंय तेवढंच बघत होता. एक नंबर, दोन फिरते विक्रेते, एक नोट. रुमालावर एक रेघ. तीन नंबर, पोरगा आणि पोरगी. पोराने खिसे चाचपले, कान लाल केले आणि फोन टुंग केला. रेघ नाही. पाच नंबर, रडणाऱ्या मुलाची आई, पर्सच्या तळातून शोधून काढलेली चुरगळलेली एक नोट. दुसरी रेघ. नऊ नंबरचे सहाही जण उठले. "तुम्हाला विसरणार नाही हं!" टुंग. बारा नंबरच्या म्हाताऱ्याने काठी सावरत एक नोट याच्या मुठीत कोंबली. तिसरी रेघ.

तीन वाजत आले. दोन टेबलं उरली होती. दोन्ही टुंग.

मेहुण्याने रुमालावरच्या रेघांची बेरीज केली. तीन रेघांना वेळ तो किती लागणार? पण त्याने दोनदा केली आणि मान हलवली.

वेटर कपडे बदलायच्या खोलीत गेला. कपाट उघडलं, डबा काढला, झाकण उघडलं. आत दोन नोटा होत्या. एकोणीस वर्षांच्या पगारातल्या शेवटच्या दोन. त्या आणि खिशातल्या तीन मिळून बरोबर पाच.

ही लबाडी म्हणायची का? तो क्षणभर घुटमळला. पैसे त्याचेच होते, घामाचेच होते, फक्त आजचे नव्हते. पण पैज आजची होती. तेवढ्यात आचारी हात पुसत दारात आला आणि डब्याकडे बघून म्हणाला, "घाल खिशात. आजवर वेगळं काय केलंस?"

हे खरंच होतं. त्याने दोन्ही नोटा तिन्हींत मिसळल्या, रिकामा डबा तसाच उघडा ठेवला आणि बाहेर गेला.

"घ्या," तो म्हणाला आणि पाचही नोटा बायकोच्या हातावर ठेवल्या. आवाज मोठा काढला होता, पण शेवटी शेवटी तो जरा घसरलाच.

मेहुणा पुढे झुकला. "पाच? माझ्या हिशेबाने तीनच आहेत. मी प्रत्येक टेबल बघत होतो, भाऊजी. दोन कुठून आल्या?"

सोमवार, किल्ल्या, पंखा आणि फरश्या, सगळं वेटरला समोर दिसायला लागलं.

बायकोने नेहमीप्रमाणे नोटा तोंडाजवळ नेल्या. डोळे मिटले. आज जरा जास्त वेळ मिटले. मग नोटा पर्समध्ये टाकल्या आणि भावाकडे वळून म्हणाली, "तू हात धुवायला गेलास तेव्हा दोन आल्या. मी बघितल्या."

"मी हात धुवायला एकदाच—"

"मग तेव्हाच आल्या. पाच म्हणजे पाच. विषय संपला ना? शब्द दिलास तू."

मेहुण्याने आयुष्यात पहिल्यांदा एक बेरीज अर्धवट सोडली. बहिणीच्या या आवाजाशी लहानपणापासून त्याची ओळख होती. तो खांदे उडवून बिल द्यायला गल्ल्याकडे गेला. टुंग.

वेटर बायकोकडे बघतच राहिला. ती खोटं बोलली होती. एकोणीस वर्षांत एकदाही खोटं न बोललेली बाई सरळ डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलली होती.

"अगं—" तो म्हणाला.

"तिकडे बघा, टेबलं पुसायची राहिलीत," ती म्हणाली. मग भावाने टेबलावरच टाकलेला रुमाल आणि पेन तिने ओढून घेतलं, आणि हा दुसऱ्या टेबलाकडे वळल्यावर त्यावर काहीतरी लिहीत बसली.

निघताना ती गल्ल्यापाशी थांबली. मालकीणबाईंना म्हणाली, "ही तुमची ठिपक्यांची पाटी आहे ना, तसली एक लहानशी ह्यांच्या नावाची बिलाच्या पाकिटात ठेवाल का? लोकांना द्यायचं असतं हो. खिसे चाचपतात बिचारे. मी दोन तास तेच बघितलं."

मालकीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "चार महिने मी वाट बघतेय, हा कधी विचारतो याची. ह्याला जगाचं कळतं. स्वतःसाठी तोंड उघडायचं तेवढं कळत नाही. सोमवारी करून देते."

"तोंड उघडतात हो," बायको म्हणाली. "नको तिथे उघडतात."

आणि भावाबरोबर निघून गेली.

हा फडका घेऊन सात नंबर आवरायला आला. ताटं एकावर एक रचली, पेले उचलले. कस्टर्डच्या बशीखाली काहीतरी होतं. घरातलंच एक जुनं जाडजूड पाकीट, दोऱ्याने बांधलेलं. त्यावर घडी घातलेला तो कागदी रुमाल. एका बाजूला मेहुण्याच्या तीन रेघा. दुसऱ्या बाजूला बायकोचं बारीक अक्षर.

"ज्या दिवशी तुमच्या नोटांना कॉफीचा वास यायचा, त्या दिवशी धंदा झाला नाही हे मला कळायचं. आपल्या घरात कॉफी कोण पितं? त्या नोटा मी कधी मोडल्या नाहीत. त्या दिवशी बटाटे करून भागवलं. हे काम सोडायच्या दिवशी तुमच्या हातात द्यायच्या, आणि तो दिवस आजचाच वाटला, म्हणून आणल्या होत्या. चार महिने रोज वास येतोय, म्हणून भावाला मीच बोलावलं. वाटलं, तुम्ही दमलात आणि सांगायला लाजताय. आज बघितलं. दमलेला माणूस असा वावरत नाही. या नोटा तुमच्या त्या कॉफीच्या डब्यात परत टाका. उद्यापासून मिळेल ते आणा, दोन तर दोन. आणि पगारवाढ म्हणून सांगू नका, हसू आवरत नाही."

त्याने दोरा सोडला. पाकिटात नोटांची चवड होती. कितीतरी जुन्या, आता छपाई बदललेल्या, पहिल्या वर्षाच्या दोन-दोनांच्या जोड्या. वर, अगदी वर, आजच्या दोन. त्याने पाकीट तोंडाजवळ नेलं, थेट तिच्यासारखं, आणि डोळे मिटले. इतकी वर्षं त्या डब्यात हात घालून त्याला कधी तो वास आला नव्हता. आज आला. कडक, कडवट, जुन्या कॉफीचा.

खिडकीतून आचाऱ्याची मान बाहेर आली. "काय रे वेधशाळा, सात नंबर कोरडंच ना?"

त्याने फडक्याने आधी टेबल पुसलं, मग तोंड पुसलं, मग चुकून पुन्हा टेबल पुसलं.

"चुकलं," तो म्हणाला. "पहिल्या वर्षापासून चुकलं."

आणि मग त्याने खिडकीच्या काठावर वही ठेवली, पेन्सिल कानावरून काढली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "एक सूप बांधून दे. गरम दे. घरी पोचेपर्यंत गरम राहील असं दे. आणि एक कर, त्यात बटाटा दिसला तर याद राख."